फौजीचं कार्ड खिशात, गोळ्या मात्र मेडिकलमधून

नमस्कार मंडळी.

(चिठ्ठी कॅमेऱ्यासमोर धरून)

आधी हा कागद नीट बघा. माझ्या वडिलांची, आप्पांची औषधांची चिठ्ठी आहे. पाच औषधं लिहिलीत. त्यातल्या तिघांपुढे लाल पेनाने दोनच अक्षरं आहेत, 'एनए'. नॉट अव्हेलेबल. औषध नाही.

आप्पा तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. तोफांच्या आवाजाने डावा कान गेला, आता शुगर आणि बीपी. पारोळा तालुक्यातल्या आमच्या गावातून पहाटेची पहिली एसटी धरायची, पुढे गाडी बदलायची, माजी सैनिकांच्या दवाखान्यात रांगेत नंबर लावायचा आणि दुपारी दोन पाकिटं घेऊन परत यायचं. बाकीच्या गोळ्यांचं विचारलं तर पिशवी खाटेवर ठेवत म्हणाले, "गोया नही शेत म्हने. पुढला हप्तामा या म्हने." चिडलेही नाहीत. मला तेच जास्त लागलं. ज्या माणसाने आयुष्यभर हुकूम पाळला, तो हाही हुकूम समजून पाळतोय.

आता ही योजना काय आहे ते समजून घेऊ. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांसाठीची अंशदायी आरोग्य योजना, 1 एप्रिल 2003 पासून सुरू आहे. त्याआधी पेन्शनर फौजीला मिलिटरी हॉस्पिटलचाच आधार होता, आणि खान्देशातल्या माणसाने त्यासाठी देवळाली किंवा संभाजीनगर गाठायचं. म्हणून योजना आली तेव्हा गावोगावच्या फौजींना खरंच हायसं वाटलं. हुद्द्याप्रमाणे एकदाच वर्गणी भरायची, मग पॉलिक्लिनिकमध्ये, म्हणजे योजनेच्या दवाखान्यात, तपासणी आणि औषधं. मोठं दुखणं असेल तर तिथून रेफरल घेऊन योजनेच्या यादीवरच्या खासगी हॉस्पिटलमध्ये कॅशलेस उपचार. पती किंवा पत्नी आणि अवलंबून असलेले आईवडीलही यात येतात. तेव्हा कुणी 'फुकट मिळतंय ना, मग कशाला बोलता' म्हणालं, तर त्याला सांगा, यांनी पैसे भरलेत. त्याआधी उमेदीची वर्षं भरलीत.

मग अडतं कुठे?

औषधांचं सांगतो. पॉलिक्लिनिकची औषधं लष्कराच्या वैद्यकीय साखळीतून येतात. मागणी जाते, मंजुरी होते, खरेदी होते, मग वाटप. एका टप्प्यावर कागद थांबला की इकडे खिडकीवर 'एनए' लागतं. खिडकीवरच्या माणसावर ओरडून उपयोग नाही, तो स्वतः करारावर काम करतो आणि पुष्कळदा तोही माजी सैनिकच असतो. पण बीपीची गोळी साखळीची वाट बघत नाही. मग आप्पा काय करतात? तालुक्याच्या मेडिकलमधून, पेन्शनमधून, विकत घेतात. महिना ओढाताणीचा असेल तर गोळी एक दिवसाआड घेतात. हे त्यांनी मला सांगितलं नाही, मी डबीतल्या गोळ्या मोजल्या तेव्हा कळलं.

हॉस्पिटलचा घोळ वेगळा. उपचार झाल्यावर हॉस्पिटल बिल सरकारकडे पाठवतं, दर ठरलेले असतात, तपासणी होते, पैसे उशिरा येतात. थकबाकी वाढली की काउंटरवरची भाषा बदलते. 'बेड नाही', 'आधी डिपॉझिट भरा'. रुग्णाच्या हातात वैध कार्ड, आणि मुलगा दारात उभा राहून नातेवाइकांना फोन लावतोय. हे काही आजचं नाही. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने 2015 च्या अहवालात या योजनेतली औषधांची टंचाई, माणसांची कमतरता आणि बिलांची दिरंगाई मांडली होती. म्हणजे दिल्लीला माहीतच नव्हतं, असं कुणी म्हणू शकत नाही.

म्हणून तुमच्या घरी फौजी असेल, किंवा फौजीची विधवा असेल, तर हे करा. औषध नाही म्हटलं की तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका, चिठ्ठीवर 'एनए' लिहून घ्या, तारखेसकट. अशा औषधांसाठी पॉलिक्लिनिकने ठरवलेल्या स्थानिक केमिस्टकडून मागवायची सोय आहे, तिची आठवण करून द्या. रात्री-अपरात्री जीवावर बेतलं आणि यादीबाहेरच्या हॉस्पिटलात न्यावं लागलं, तरी आधी न्या. फक्त 48 तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा. डिस्चार्जचे कागद, बिलं, तपासण्या सगळं सांभाळून ठेवा, परतावा त्यावरच मिळतो, तोही ठरलेल्या दराने. आणि हॉस्पिटलने कॅशलेस नाकारलं तर लेखी मागा. लेखी द्यायला ते का-कू करतात, पण मागाच. तक्रार केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स पोर्टलवर टाकता येते, तिचा नोंदणी क्रमांक मिळतो.

विधवांबद्दल एक वेगळं सांगायचंय. आमच्याच गावात एका काकूंचं कार्ड नवऱ्यामागे वर्षभर पेटीत पडून होतं. त्यांना वाटलं, माणूस गेला, हक्कही गेला. हक्क गेलेला नसतो. फॅमिली पेन्शन घेणाऱ्या पत्नीला ही योजना लागू आहे. तुमच्या गल्लीत अशी कुणी असेल तर या आठवड्यात जाऊन तिचं कार्ड बघा.

आप्पांची पुढची फेरी सोमवारी आहे. या वेळी मी बरोबर जातोय, चिठ्ठीची झेरॉक्स आणि अर्ज घेऊन. तिथे काय झालं ते पुढच्या व्हिडिओत सांगतो.