बघ्यांनी बिघडवलेली तलवार

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो, पत्रिकेत माझा विषय 'हालचालींवर चालणारे व्हिडिओ गेम : तंत्र आणि भवितव्य' असा छापला आहे. तंत्रावर बोलेन, भवितव्यावरही बोलेन. पण सत्कारात शाली जरा जास्त निघाल्या, त्यामुळे वेळेची ओढाताण होणार. तेव्हा मला जे बोलायचंय ते आधी बोलून घेतो, विषयाकडे मग वळू.

माझं म्हणणं एवढंच आहे की हालचालीचा खेळ नुसता बघून कळत नाही. बुद्धिबळ बघून कळतं, क्रिकेट तर आपल्याकडे बघूनच जास्त कळतं. पण हातात काठी धरून पडद्यावरचा चेंडू मारायचा, यातली गंमत ज्याच्या हातात काठी आहे त्यालाच. बाहेरून बघणाऱ्याला दिसतो तो एक मोठा माणूस, हवेत हात मारणारा. आणि हे खेळ जगापुढे आले ते नेमके बघ्यांच्या जत्रेत. ई-थ्री नावाचं व्हिडिओ गेमचं प्रदर्शन १९९५ साली सुरू झालं, बहुतेक वर्षं लॉस एंजेलिसला भरलं, आणि २०२३च्या डिसेंबरात ते कायमचं बंद केल्याचं जाहीर झालं. व्यापाऱ्यांचं प्रदर्शन होतं ते. सर्वसामान्य माणसाला २०१७पर्यंत तिथं तिकीट मिळत नव्हतं. सभागृहात समोर बसलेले कोण? पत्रकार, दुकानदार, शेअरबाजारवाले. सगळे खुर्चीत, मांडीवर लॅपटॉप. शेजारच्या टेबलावरची मिसळ लांबून बघून तिला मार्क द्यायचे, असा तो कारभार.

हे ज्यांना सगळ्यांत आधी उमगलं ते निन्टेंडोवाले, खेळ आणि खेळयंत्रं बनवणारी जपानी कंपनी. सप्टेंबर २००५, टोकियो गेम शो. कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता व्यासपीठावर आले आणि त्यांनी टीव्हीच्या रिमोटसारखा दिसणारा कंट्रोलर दाखवला. मग एक चित्रफीत लावली. तीत खेळ एकही नव्हता! पडद्यावर फक्त माणसं. कुणी मासे पकडतंय, कुणी स्वयंपाक करतंय, कुणी वाद्यवृंदापुढे हात हलवतंय. खेळ काय चाललाय ते आवाजावरून ओळखायचं. अहो, नवं यंत्र विकायला निघालेली कंपनी, आणि यंत्रावर काय दिसणार ते दाखवतच नाही. माझ्या मते या क्षेत्रातली ती सर्वांत हुशार जाहिरात. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की अरे, हे माझ्या हातात पाहिजे.

पुढच्या मे महिन्यात, २००६च्या ई-थ्रीला, ते हातात मिळालं. यंत्राचं नाव वी. निन्टेंडोचे खेळ रचणारे शिगेरू मियामोतो कोडॅक थिएटरच्या मंचावर शेपटीवाला कोट घालून संगीत-संचालकासारखे आले. कार्यक्रमाच्या शेवटी इवाता, मियामोतो, कंपनीच्या अमेरिकी शाखेचे रेजी फिस-एमे आणि स्पर्धेतून निवडलेला एक सामान्य खेळाडू असे चौघं टेनिस खेळले. प्रदर्शनाची दारं उघडल्यावर माणसं अक्षरशः पळत निन्टेंडोच्या मांडवाकडे गेली आणि तासन्‌तास रांगेत उभी राहिली. त्याच वेळी प्रतिस्पर्धी सोनीने आपल्या प्लेस्टेशन ३ यंत्राच्या वरच्या मॉडेलची किंमत ५९९ डॉलर जाहीर केली होती, त्यामुळे पळणाऱ्यांच्या पायांना आणखी बळ आलं असणार! पण रांग लक्षात ठेवा. टाळ्या नाहीत, रांग. टाळी खुर्चीत बसून देता येते.

आता माझा आवडता प्रसंग. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कार्यवाहांनी घड्याळ दाखवू नये.

१५ जून २०१०. नोकिया थिएटर, लॉस एंजेलिस. आपल्याकडे रात्र. मी संगणकासमोर बसलेलो, चित्र थांबत थांबत येतंय. मंचावर तेच मियामोतो. डाँकी काँग, मारिओ, झेल्डा हे गाजलेले खेळ ज्यांनी दिले ते. वय ५७. सोबत भाषांतराला बिल ट्रिनेन. झेल्डाचा नवा भाग दाखवायचा होता, 'स्कायवर्ड स्वॉर्ड'. सगळी गंमत तलवारीत. वी-च्या आधीच्या रिमोटवर तुम्ही मनगट कसंही झटकलं तरी पडद्यावरचा वीर ठरलेला एकच वार करायचा. आता रिमोटला एक नवा जोड बसला होता, मोशनप्लस. तुम्ही आडवं फिरवा, तलवार आडवी. उभं फिरवा, उभी. तिरकं धरा, ती तिरकी धरलेली राहणार. हे सगळं सांगून झालं, आणि मियामोतोंनी रिमोट उचलला.

तलवार ऐकेना. हात इकडे, पातं तिकडे. ते पुन्हा प्रयत्न करतात, पुन्हा तेच. धनुष्यबाण काढला, नेम भलतीकडे. मी घरी बसून माझ्या इंटरनेटला शिव्या घालतोय, कारण मला वाटलं चित्र माझ्याकडेच उशिरा येतंय. बायको म्हणाली, झोपा आता. आणि मग मंचावरूनच खुलासा आला : सभागृहात बिनतारी यंत्रं फार चालू आहेत, त्यांचा अडथळा होतोय.

आता गंमत बघा. वी-चा रिमोट मूळ यंत्राशी ब्लूटूथने बोलतो. ब्लूटूथ चालतं २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात. त्याच पट्ट्यात त्या काळचं बहुतेक वायफाय चालायचं. आणि सभागृहात शेकडो माणसं आपापले लॅपटॉप उघडून जगाला काय कळवत होती? की मियामोतोंची तलवार चालत नाही! (हशा) म्हणजे हे जितकं टायपणार, तितकी तलवार बिघडणार, आणि ती जितकी बिघडणार, तितकं हे आणखी टायपणार. विज्ञानाच्या पुस्तकात निरीक्षकामुळे प्रयोग बदलतो वगैरे वाचतो आपण, पण इतकं ढळढळीत उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

कुणाला ही पळवाट वाटेल, म्हणून सांगतो. त्याच्या आठच दिवस आधी, ७ जूनला, सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्ज आयफोन ४ दाखवत होते. त्यांचं वेबपान उघडेना. शोध घेतला तर त्या एका सभागृहात ५७० वायफाय केंद्रं चालू. जॉब्जनी चक्क सांगितलं, लॅपटॉप मिटा आणि जमिनीवर ठेवा. मियामोतो हे सांगू शकले नाहीत. सभ्य माणूस. शिवाय मध्ये दुभाषा. खाली प्रदर्शनात लोकांनी स्वतः तोच खेळ खेळून पाहिला, पण बातमी मंचावरच्या फजितीचीच झाली. खेळ बाजारात यायला २०११चा नोव्हेंबर उजाडला.

आता मायक्रोसॉफ्ट. यांचा घोळ नेमका उलटा. यांनी हातातली काठीच काढून टाकली. २००९च्या ई-थ्रीला 'प्रोजेक्ट नटाल' जाहीर झालं. हातात काही नाही, कॅमेराच तुमच्या अंगाची हालचाल ओळखणार. नटाल हे ब्राझीलमधलं शहर, आणि प्रकल्पाचे ॲलेक्स किपमन ब्राझीलचे. मंचावर स्टीव्हन स्पीलबर्ग. खेळ रचणारे पीटर मॉलिन्यू यांनी मायलो नावाचा पडद्यातला मुलगा दाखवला, तो बाईशी बोलतो, तिनं कागदावर काढलेलं चित्र पडद्यातून घेतो. सभागृह वेडं झालं. मायलो पुढे विक्रीला आलाच नाही, ती गोष्ट वेगळी. त्याच कार्यक्रमात मायक्रोसॉफ्टच्या कुडो त्सुनोदा यांनी बुटाचा तळवा कॅमेऱ्याला दाखवला, तर पडद्यावरच्या बाहुल्याचा पाय असा काही मुरगळला की एखाद्या हाडवैद्याला घाम फुटावा.

वर्षभरानं, १३ जून २०१०ला, त्याचं 'किनेक्ट' असं बारसं झालं. गॅलन सेंटरमध्ये सर्क दु सोले या सर्कशीचे कलाकार, आणि आलेल्या पाहुण्यांना, म्हणजे पोट सुटलेल्या पत्रकारांना, पांढरे दिवे लागणारे पोंचो घालायला लावले. तुम्हीच सांगा, तसला झगा घालून बसलेला माणूस परतल्यावर चांगलं लिहील? दुसऱ्या दिवशीच्या परिषदेत एक छोटी मुलगी पडद्यावरच्या वाघाच्या बछड्याशी खेळली. जाणकारांनी नाकं मुरडली : सगळं बसवलेलं वाटतं, खोटं हसतात, प्रतिसाद उशिरा येतो. उशिराची तक्रार खरी होती, तिच्याकडे येतो. पण झालं काय? नोव्हेंबरात किनेक्ट विक्रीला आलं आणि पहिल्या ६० दिवसांत ८० लाख विकलं गेलं. गिनेस बुकात नोंद झाली. नाकं मुरडणारे खुर्चीत होते, विकत घेणारे पोरांबरोबर दिवाणखान्यात उड्या मारत होते.

माझा स्वतःचा राग आहे तो वेगळाच. त्या सुमारास इथल्या एका मॉलमध्ये एका दुकानानं किनेक्ट लावलं होतं. मी उत्साहानं गेलो. आयुष्यभर पॉलिटेक्निकमध्ये इन्स्ट्रुमेंटेशन शिकवलं, मला ते अवरक्त ठिपके कसे टाकतं ते समजून घ्यायचं होतं. तिथला मुलगा म्हणाला, "काका, तुम्ही बसा ना इथं, बघा." आणि खुर्ची पुढे केली! मी खुर्चीत बसून अर्धा तास दुसऱ्यांची पोरं बघितली. एकालाही बाजूला सरून आजोबांना वाव द्यावासा वाटला नाही. घरी न्यावं म्हटलं तर ते उभं राहायला एका माणसाला सहा फूट मागत होतं, दोघांना आठ. आमच्या खोलीत दिवाण, शोकेस आणि देव्हारा सोडून आठ फूट काढायचे म्हणजे एकतर मी बाहेर किंवा टीव्ही बाहेर.

चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं म्हणतात. बरं, तंत्र.

वी-च्या पहिल्या रिमोटमध्ये त्वरणमापक होता. तो झटका मोजतो, दिशा नीट मोजत नाही. म्हणून लोक चार दिवसांत शिकले की सोफ्यावर लोळून नुसतं मनगट झटकलं तरी टेनिस जिंकता येतं. जे आधीच्या उत्साहात होते त्यांचे रिमोट हातातून निसटून टीव्हीत घुसले, आणि डिसेंबर २००६मध्ये कंपनीला ३२ लाख मनगटी दोऱ्या बदलून द्यायची घोषणा करावी लागली. टीव्हीवर ठेवायची ती 'सेन्सर बार' काहीच ओळखत नाही, हे ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही. तिच्यात फक्त अवरक्त दिवे. कॅमेरा रिमोटच्या तोंडाशी असतो, तो दिवे बघतो. दोन मेणबत्त्या लावल्या तरी नेम धरता येतो. मोशनप्लसनं जायरोस्कोप आणला, तो वळण मोजतो, पण हळूहळू भरकटतो, म्हणून मधूनमधून जागेवर आणावा लागतो.

सोनीच्या मूव्ह या हालचालीच्या कंट्रोलरवर प्रकाशणारा गोळा होता. लोक त्याला आइस्क्रीम म्हणून हसले, पण मला ते सर्वांत प्रामाणिक यंत्र वाटतं. गोळ्याचं माप ठाऊक आहे, कॅमेऱ्यात तो केवढा दिसतो त्यावरून अंतर निघतं. सोनीच्या रिचर्ड मार्क्स यांनी २००९ला ते कच्च्या अवस्थेतच मंचावर आणलं, ना सर्कस ना झगे.

किनेक्टचं तंत्र प्राइमसेन्स या इस्रायली कंपनीचं. न दिसणाऱ्या ठिपक्यांची जाळी खोलीवर टाकायची, ती कुठं किती सरकली त्यावरून अंतर मोजायचं. कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं घेतो, मग त्यातून हातपाय शोधायचे. उशीर व्हायचा तो इथं. नाचात चालतो, तलवारीत चालत नाही. म्हणून किनेक्टवर नाचाचे खेळ जगले. २०१३ला मायक्रोसॉफ्टनं ते एक्सबॉक्स वन या नव्या यंत्राबरोबर सक्तीनं गळ्यात मारलं, २०१४च्या जूनपासून त्याशिवायचं यंत्र विकायला काढलं, २०१७ला उत्पादन थांबवलं. प्राइमसेन्स त्याआधीच, २०१३मध्ये, ॲपलनं घेतली होती. चेहरा दाखवून आयफोन उघडतो तेव्हा तुमच्यावर तसेच ठिपके पडतात.

भवितव्य. दोन मिनिटं? पुरे. हातवारे गेले असं जे म्हणतात त्यांनी निन्टेंडोचा 'स्प्लॅटून' खेळणारं एखादं पोर पाहावं. २०१५पासून हा खेळ जायरोवर नेम धरायला देतो. मोठा नेम कंट्रोलरवरच्या अंगठ्यानं हलवायच्या काडीनं, बारीक नेम कंट्रोलर जरासा कलवून. हालचाल बोटभर. मंचावर हे दाखवायचं कसं? दाखवण्यासारखं काही दिसतच नाही, म्हणून त्याची घोषणा कुणी झगे घालून केली नाही, आणि म्हणूनच ते टिकलंय. प्रश्न असतील तर चहाला भेटू. ज्यांच्या नातवंडांकडे निन्टेंडोचं स्विच यंत्र असेल त्यांनी ते आणलं तर जास्त बरं, मला पाळी द्या म्हणजे झालं.