आपल्या सड्यावरचं संशोधन आपल्याला वाचता यावं

श्रोतेहो, नमस्कार.

१८८२ साली पुरातत्त्वाचे अभ्यासक पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी वसईजवळच्या सोपाऱ्याला, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याला, एका जुन्या टेकाडाचं उत्खनन केलं. गावातले लोक त्या टेकाडाला बुरुड राजाचा कोट म्हणत. आत विटांचा बौद्ध स्तूप निघाला आणि स्तूपाच्या पोटात एक मोठा दगडी करंडा. त्यात तांब्याची डबी, तिच्याभोवती आठ छोट्या बुद्धमूर्ती. तांब्याच्या डबीत चांदीची, तिच्या आत दगडाची, मग स्फटिकाची आणि सर्वांत आत सोन्याची. सोन्याच्या डबीत मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे जपून ठेवलेले होते. भगवानलालांनी काय निघालं, कुठे निघालं, कोणत्या क्रमानं निघालं, हे सगळं बारकाईनं लिहून ठेवलं. एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात ते छापून आलं, ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्येही, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीच्या सरकारी ग्रंथातही, आलं. आज हे लिखाण इंटरनेटवर मोफत आहे. वसईच्या, विरारच्या कॉलेजातली मुलगी लोकलमध्ये बसून मोबाईलवर ते वाचू शकते.

आता दुसरी बाजू सांगतो. याच कोकणावर, आपल्या रत्नागिरीच्या, राजापूरच्या, मालवणच्या भूमीवर गेल्या दहा-पंधरा वर्षांत झालेलं संशोधन वाचायला जा. पुष्कळदा सुरुवातीचा एक परिच्छेद दिसतो आणि खाली किंमत लिहिलेली असते. एका लेखाचे अडीच-तीन हजार रुपये. म्हणजे सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीचं ज्ञान आपल्या हातात आहे आणि कालपरवाचं कुलपात.

मी एका लहान गावातल्या वाचनालयाचं काम पाहतो. आमच्याकडे एक तरुण शेतकरी आला होता. त्याच्या सामाईक जमिनीत, सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, काही आकृत्या कोरलेल्या आहेत. लहानपणापासून त्यानं त्या पाहिलेल्या. घरातले म्हातारे सांगायचे, पांडवांनी काढल्यात. आता चिरेखाणीसाठी जमीन मागायला माणसं यायला लागली होती आणि भाऊबंदांत बोलणी चालू होती. त्याला एवढंच हवं होतं, की या चित्रांविषयी शिकलेल्या माणसांनी काय लिहिलंय ते छापील दाखवावं, म्हणजे घरात चार शब्द बोलता येतील. आम्ही दोघांनी मिळून शोधलं. जो लेख नेमका त्याच्या भागाविषयी होता, तोच पैसे मागत होता. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. ज्याच्या पायाखाली तो पुरावा आहे, त्यालाच तो वाचता येऊ नये?

कातळशिल्पांची, म्हणजे सड्याच्या कातळात कोरलेल्या अशा जुन्या आकृत्यांची, गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, देवाचे गोठणे, बारसू ही आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातली गावं, तिकडे सिंधुदुर्गात कुडोपी. यांतल्या कशेळीचा हत्ती जवळपास अठरा मीटर लांब आहे, आणि त्याच्या एकाच्या पोटात किती तरी प्राणी, मासे, पक्षी कोरलेले. काही ठिकाणी गेंड्यासारखा प्राणी दिसतो, जो आज कोकणात कुठेही नाही. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षं सडे तुडवून हजाराहून जास्त आकृत्या शोधल्या. पण या शोधात वाटाड्या कोण होते? गुरं राखणारे, गवत कापणारे, सड्यावर नाचणी-वरी करणारे शेतकरी. त्यांनी बोट दाखवलं म्हणून पुढचं सगळं झालं. २०२२ साली कोकणातली ही शिल्पं, गोव्यातलं फणसायमळ धरून, युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्या यादीतलं वर्णन कोणालाही वाचता येतं, ही चांगली गोष्ट आहे. पण ते इंग्रजीत आहे. देवाचे गोठणे गावातल्या आज्जीनं ते कसं वाचावं?

बाकीच्या विज्ञानांत आणि पुरातत्त्वात एक मोठा फरक आहे. प्रयोगशाळेतला प्रयोग फसला तर पुन्हा करता येतो. उत्खनन पुन्हा करता येत नाही. मातीचा एक थर उचलला की तो गेला. त्या थरात खापर कुठे होतं, चुलीची राख कुठे होती, खांबाचा खळगा कुठे होता, हे त्या जागी पुन्हा कधीही पाहता येणार नाही. उरतात त्या खणणाऱ्याच्या वह्या, नकाशे, छायाचित्रं आणि शेवटी त्याचा अहवाल. खणून झाल्यावर ती जागा अहवालातच राहते. म्हणून तो अहवाल लिहिलाच नाही, किंवा लिहून कपाटात ठेवला, किंवा सामान्य माणसाला परवडणार नाही अशा किमतीला विकला, तर ती जागा दुसऱ्यांदा नष्ट झाली असं मी म्हणेन. शब्द कडक आहे, पण मी तो विचार करून वापरतो आहे.

आपल्या देशात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण १९५३-५४ सालापासून वर्षभराच्या कामाचा आढावा छापतं. ‘इंडियन आर्किऑलॉजी – अ रिव्ह्यू’ हे त्याचं नाव. त्याचे जुने अंक मोफत मिळतात आणि कोकणातल्या कितीतरी नोंदी त्यात चार-चार ओळींत दडलेल्या आहेत. नाव वार्षिक असलं तरी अनेक अंक बऱ्याच वर्षांनी निघाले. सविस्तर अहवालांचं तर विचारूच नका. जनतेच्या पैशातून, सरकारी परवान्यानं झालेल्या कामाचा वृत्तांत जनतेला वेळेवर आणि फुकट मिळावा, ही मागणी मला कुठूनही अवाजवी वाटत नाही.

सरकारनं अलीकडे एक मोठं पाऊल टाकलं, तेही सांगायला हवं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, तेरा हजारांच्या आसपास नियतकालिकं. सरकारी विद्यापीठं, कॉलेजं आणि केंद्राच्या संशोधन संस्था यांतल्या विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना ती आता वाचता येतात. सरकारी महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या मुलांसाठी ही खरी सोय आहे, तिचा जरूर उपयोग करा. पण निवृत्त शिक्षक, गावचा सरपंच, गाईडचं काम करणारा मुलगा, माझ्यासारखा वाचनालयवाला, यांचा त्यात समावेश नाही. आणि पैसे भरून दार उघडून घेणं हा माझ्या मते अर्धाच उपाय आहे. दार मुळात बंद नसावं.

दुसरा मार्ग आहे, आणि तो खर्चिक नाही. बरेच प्रकाशक लेखकाला स्वतःच्या लेखाची शेवटची हस्तप्रत, म्हणजे छपाईच्या मांडणीआधीची, आपल्या संस्थेच्या संग्रहात खुली ठेवायला परवानगी देतात. काही जण त्यासाठी वर्ष-दोन वर्षं थांबायला सांगतात. संशोधकानं थोडा वेळ काढून ती प्रत चढवली की झालं. आपल्याकडे प्रबंधांच्या बाबतीत हे घडलेलंच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमानंतर पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’ या संग्रहात जमा होऊ लागले. आज घरबसल्या तुम्ही तिथे कोकणातली लेणी, बंदरं, देवळं यांवरचे प्रबंध उघडू शकता, सगळ्या नकाशांसकट. केरळ विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाचं ‘हेरिटेज’ नावाचं वार्षिक तर सरळ मोफतच आहे. ते करू शकतात, तर इतरांनाही जमेल.

मोफत वाचायला मिळण्याचा आणखी एक फायदा आहे, आणि त्याची गरज आज फार आहे. अलिबागजवळच्या आक्षीचा शिलालेख घ्या. त्यात ‘पश्चिमसमुद्राधिपती’, ‘कोंकणचक्रवर्ती’ अशी बिरुदं लावलेला केशीदेवराय आहे. जुन्या मराठी शिलालेखांचे अभ्यासक शं. गो. तुळपुळे यांनी त्याचं वर्ष शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असं वाचलं आणि त्यावरून तो मराठीतला अगदी जुना लेख ठरतो. काही अभ्यासकांना हे वाचन मान्य नाही, ते लेख बराच नंतरचा मानतात. मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशांत मात्र फक्त ‘पहिला शिलालेख’ एवढंच येतं, वाद येत नाही. दोन्ही बाजूंचे मूळ लेख, शिलालेखाच्या कागदावर घेतलेल्या ठशांच्या छायाचित्रांसह, समोर असले तर आपण स्वतः अक्षर न् अक्षर पाहू शकतो. मराठी वाचणाऱ्या माणसाला तेवढं जमतं. मान्य नसेल तर मान्य नाही म्हणू शकतो. ज्ञान खुलं असणं म्हणजे हा तपासून पाहण्याचा अधिकार असणं.

आणि हा अधिकार गावात पोचला की जुने दगड टिकतात. शिलाहार राजांच्या काळातले गद्धेगाळ नावाचे कोरीव दगड कोकणात ठिकठिकाणी आहेत. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा लेख, खाली दान मोडणाऱ्याला दिलेल्या शापाचं चित्र. ते चित्र पाहून कितीतरी ठिकाणी लोकांनी हे दगड अशुभ मानले, उलटे पुरले, गडग्यात घातले. कुठे शेंदूर लावून पूजा सुरू झाली, तिथे निदान दगड टिकला. हा एका जमिनीच्या दानाचा हजार-आठशे वर्षांपूर्वीचा कागद आहे, त्यात तुमच्या गावाचं जुनं नाव असू शकतं, हे गावाला कळलं तर कोण त्याला पुरेल?

एक आक्षेप येतो आणि तो मी मनापासून मानतो. सगळं उघड केलं तर गुप्तधनाच्या नादानं खणणारे येतील, चित्रांत चुना-रांगोळी भरून फोटो काढणारे येतील. हे घडतं, आपण पाहतो. म्हणून अभ्यास, निष्कर्ष, छायाचित्रं खुली असावीत, पण राखण नसलेल्या जागेचा अक्षांश-रेखांश लगेच जगजाहीर करू नये, आणि तो केव्हा करायचा ते गावाला विचारून ठरवावं. मात्र तहसील कार्यालयाला, ग्रामपंचायतीला, रस्ते आणि प्रकल्प आखणाऱ्यांना ती जागा पहिल्यापासून ठाऊक हवी. बारसूच्या सड्यावर रिफायनरीचा वाद पेटला तेव्हा तिथली शिल्पं युनेस्कोच्या यादीत आधीच नोंदलेली होती, म्हणून त्या बोलण्यात त्यांना जागा मिळाली. ज्यांची नोंद कुठेच नाही, त्या सड्यावर जेसीबी एका सकाळीत काम उरकतो.

भाषेचं काय? भगवानलालांना इंग्रजी लिहिण्याची सवय नव्हती. ते गुजरातीत लिहीत आणि त्यांचे मित्र ते इंग्रजीत उतरवत. आज उलट दिशेनं हेच करायला हवं. कोकणावरच्या प्रत्येक संशोधनलेखासोबत दोन पानांचा मराठी गोषवारा असावा, अशी माझी सर्व अभ्यासकांना हात जोडून विनंती आहे. साध्या मराठीत, काय सापडलं, कशावरून असं म्हणता, आणि गावानं काय जपावं, एवढंच. रत्नागिरीत १८२८ साली नगर वाचनालय उभं राहिलं. इतक्या जुन्या वाचनाच्या परंपरेला ही दोन पानं जड होणार नाहीत.

तोवर तुम्ही काय करू शकता? लेख कुलपात दिसला तर लेखकाला सरळ ईमेल करा. पत्ता बहुधा त्याच पानावर असतो, आणि अभ्यासक आपली प्रत बहुतेक वेळा आनंदानं पाठवतात. आमच्या त्या शेतकऱ्यालाही लेख असाच मिळाला. जेस्टोर या संशोधनलेखांच्या ऑनलाइन संग्रहात नाव नोंदवलं की महिन्याला शंभर लेख फुकट वाचता येतात. जुने गॅझेटियर राज्य सरकारनं ऑनलाइन ठेवलेले आहेत. जवळच्या वाचनालयात जा आणि शोधून द्या म्हणा, ते आमचं कामच आहे.

आणि तुमच्या वाडीत कोणी अभ्यासक कॅमेरा-टेप घेऊन आले, तर चहापाणी करा, वाट दाखवा, आपल्याकडच्या गोष्टी सांगा. निघताना मात्र त्यांना विचारा, हे कुठे छापणार, केव्हा छापणार आणि त्याची एक प्रत आमच्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीत केव्हा येणार. त्यांचं नाव आणि फोन वहीत लिहून घ्या. वर्षभरात काही आलं नाही, तर पुन्हा फोन करा.

नमस्कार.