मुक्ताबाईचा निबंध नववीच्या वर्गात

श्रोतेहो, नमस्कार.

मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. आज बोलायचं आहे ते इतिहासाच्या तासाला वापरता येईल अशा नव्या साहित्याबद्दल. असं साहित्य आता पुष्कळ झालं आहे. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड मोबाइलवर घेतला की दीक्षा ॲपवर पाठाचं साहित्य उघडतं. राष्ट्रीय अभिलेखागारातली कागदपत्रं ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या बघता येतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची तर बस आहे, फिरतं संग्रहालयच, ती शाळेच्या दारात येऊन उभी राहते. हे सगळं मला हवंच आहे. पण माझा जीव अडकला आहे तो यातल्या सगळ्यांत स्वस्त गोष्टीत: अस्सल साधनाचं एक पान, झेरॉक्स काढलेलं, एका बाकावर एक.

नववीच्या पुस्तकाचा पहिलाच पाठ ‘इतिहासाची साधने’ आहे. मुलं लिखित, भौतिक, मौखिक असे प्रकार पाठ करतात, उत्तरपत्रिकेत लिहितात, गुण मिळवतात. आणि वर्षभरात एकही साधन त्यांच्या हाताला लागत नाही. पोहण्याचे नियम पाठ करून घ्यावेत आणि विहिरीकडे फिरकूही देऊ नये, तसं हे होतं.

आमच्या वर्गात आम्ही काय केलं ते सांगते. 1855 साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात एक निबंध छापून आला, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा. लिहिणारी मुक्ताबाई, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी मातंग समाजातली मुलगी. वय चौदा! हे वय फळ्यावर लिहिलं की वर्ग गप्प होतो, कारण समोर बसलेली मुलंही त्याच वयाची असतात. निबंधातला एक उतारा मी त्यांना दिला. भाषा जुनी आहे, शब्द अडतात, म्हणून खाली अवघड शब्दांचे अर्थ आणि वर एवढंच: कोणी लिहिलं, कधी, कुठे छापलं. बाकी काही नाही. आधी वाचायचं, मग बोलायचं.

मुक्ताबाई विचारते, वेद फक्त ब्राह्मणांचे आणि आम्हाला धर्मपुस्तक बघायचीही मोकळीक नाही, तर मग आमचा धर्म कोणता? आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परसुद्धा नसतं, थंडीवाऱ्यात त्यांचे काय हाल होत असतील, असं ती लिहिते. आणि पेशवाईबद्दल लिहिते की अस्पृश्य माणूस तालीमखान्यापुढून गेला तर पुण्यातल्या गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या शिराचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळत.

इथे एका मुलीने हात वर केला. “बाई, तिने हे स्वतः बघितलं होतं का?” मी म्हटलं, तूच हिशोब कर. पेशवाई बुडाली 1818 मध्ये, निबंध 1855 चा, लिहिणारी चौदा वर्षांची. म्हणजे हे तिने ऐकलेलं. कोणाकडून? घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून. मग ऐकीव म्हणून सोडून द्यायचं? वर्गात वाद पेटला. शेवटी मुलं जिथे पोचली ते मला महत्त्वाचं वाटतं. छपराबद्दल ती रोजचं डोळ्यांसमोरचं लिहिते आहे, गुलटेकडीबद्दल तिच्या समाजाने जपलेली आठवण. दोन्ही साधनंच, पण दोन्हींना प्रश्न वेगवेगळे विचारायचे. पाठात वाचलेली साधनांची यादी त्या दिवशी त्यांच्या कामाला आली.

शिक्षकांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगते. असा उतारा वाचताना ज्यांच्या घरात ही दुःखं पिढ्यान्‌पिढ्या मुरली आहेत अशी मुलंही समोर असतात. ‘तू सांग, तुमच्याकडे कसं होतं’ असं कोणत्याही मुलाला उभं करून विचारू नका. आपणहून कोणी बोललं तर सगळा वर्ग नीट ऐकेल, एवढं बघा.

नववीतच 1960 नंतरचा भारत शिकवायचा असतो. त्यासाठी 1972 चा दुष्काळ घ्या. त्या वेळी दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेलेली, बांधाची माती वाहिलेली माणसं अजून आपल्यात आहेत. मुलांना त्यांच्याकडे पाठवा. मजुरी किती मिळायची, तिथे वाटलं जाणारं कोरडं पौष्टिक खाणं, म्हणजे सुकडी, कशी लागायची, अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोची, म्हणजे लाल ज्वारीची, भाकरी कशी व्हायची, हे विचारू द्या. रोजगार हमीचा कायदा 1977 मध्ये झाला, त्यामागे काय होतं ते मग वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मराठवाड्यातल्या शाळांना तर माझी कळकळीची विनंती आहे. हैदराबाद मुक्तिसंग्राम, 1948, निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र रझाकारांचे दिवस लहानपणी पाहिलेली माणसं आता ऐंशीच्या, नव्वदीच्या घरात आहेत. मोबाइलवर आवाज टिपून ठेवा. हे काम पुढच्या वर्षावर ढकलण्यासारखं नाही.

जुन्या गॅझेटियरांचाही, म्हणजे इंग्रज सरकारने काढलेल्या जिल्हावार माहितीच्या ग्रंथांचाही, उपयोग होतो. सातारा, पुणे, नाशिक, रत्नागिरी, यांचे मुंबई इलाख्यातले खंड 1880 ते 1885 या काळात निघाले आणि आता ते इंटरनेटवर वाचता येतात. आपल्या गावचा बाजार तेव्हा कोणत्या वारी भरायचा, हे शोधायला मुलं उड्या मारत येतात. मात्र तिथलं जाती-जमातींचं वर्णन तसंच्या तसं उतरवून घेऊ देऊ नका. सरकारी कामासाठी, राज्य करणाऱ्यांच्या नजरेतून ते लिहिलेलं आहे, हे मुलांनीच ओळखायला हवं.

अभ्यासक्रम कधी संपवायचा, असं माझे सहकारी विचारतात. इतिहास-राज्यशास्त्र मिळून दहावीला 40 गुणांचा पेपर, तास मोजके, त्यांची अडचण खरी आहे. म्हणून मी प्रत्येक पाठाला ढीगभर साहित्य मागत नाही. सत्रात दोन साधनं नीट वाचली तरी पुष्कळ. पण ती शोधण्याचं ओझं एकट्या शिक्षकावर नको. प्रत्येक जिल्ह्याच्या डाएटने, म्हणजे शिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या जिल्हा संस्थेने, आपल्या जिल्ह्याचा एक साधनसंच काढावा: मोडी कागदाचं छायाचित्र आणि शेजारी देवनागरी लिप्यंतर, वीरगळाचा, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेचा, फोटो, वर्तमानपत्राचं जुनं कात्रण, एखादी मुलाखत. साध्या कागदावर छापलेला, जिथे रेंज नाही तिथेही चालेल असा.

आणि श्रोतेहो, तुमच्याकडेही काही मागायचं आहे. तुमच्या पेटीत, माळ्यावर जुनी पत्रं असतील, गिरणीतलं ओळखपत्र असेल, जमिनीचे कागद, रेशनकार्ड, आजोबांची रोजनिशी असेल. मूळ कागद कोणाला देऊ नका, जपून ठेवा. फक्त जवळच्या शाळेतल्या इतिहासाच्या शिक्षकांना एकदा घरी बोलवा आणि त्यांना फोटो काढू द्या. कागद कोणाचा, कोणत्या सालचा, तुमच्या घरात कसा आला, हे तुम्हाला ठाऊक असेल तेवढं त्यांना सांगा. ते लिहून घेतील.

नमस्कार.