तोफ उलटी बसवलेली नाही! नगरच्या 'आर्चर'ची गोष्ट

नमस्कार मंडळी. नगरच्या रणगाडा संग्रहालयाचा व्हिडिओ टाकला तेव्हा वाटलं, लोक सेंच्युरियनबद्दल विचारतील, पॅटनबद्दल विचारतील. छे! निम्म्या कमेंट एकाच गाडीवर. "दादा, ती तोफ उलटी का?" "जोडताना चुकली का?" एकाने तर लिहिलं, "इंग्रजांची पळपुटी गाडी." हा शेवटचा मला लागला. म्हणून आज फक्त आर्चर, म्हणजे मागे तोंड केलेल्या तोफेची ती ब्रिटिश रणगाडाविरोधी गाडी.

आधी इतिहास उरकून टाकतो. दुसरं महायुद्ध, जर्मन टायगर रणगाडा, पुढचं चिलखत 100 मिलिमीटर. त्याला फोडणारी ब्रिटिशांची तोफ म्हणजे 17 पाउंडर. नाव गोळ्याच्या वजनावरून, तोंड 76.2 मिलिमीटर. तोफ जबरदस्त, पण वजन जवळपास तीन टन. गाडीमागे ओढत न्यायची, चिखलात माणसांनी ढकलायची. मग ठरलं, हिला स्वतःचे पाय देऊ. व्हिकर्स कंपनीचा व्हॅलेंटाइन रणगाडा तोवर लढाईसाठी जुना झाला होता, पण भरवशाचा होता. त्याचा टरेट, म्हणजे वरचा फिरता बुरूज, काढला आणि 17 पाउंडर चढवली. 1943 मध्ये चाचण्या झाल्या, मार्च 1944 पासून उत्पादन सुरू झालं, आणि युद्ध संपेपर्यंत 655 गाड्या बाहेर पडल्या. झालं.

आता ती तोफ.

व्हॅलेंटाइन हा छोटा रणगाडा आहे, लांबी साडेपाच मीटरच्या आत. चालक पुढे, इंजिन मागे, मध्ये माणसं. 17 पाउंडरची नळी चार मीटरच्या वर. ती पुढे तोंड करून बसवली तर नळी गाडीच्या नाकाबाहेर कुठवर जाईल बघा. वळणावर भिंतीत, उतारावर मातीत, शिवाय सगळा भार नाकावर. म्हणून नळी मागे वळवली आणि इंजिनच्या झाकणावरून आडवी नेली. एकूण लांबी सात मीटरच्या आत राहिली. जागेचा प्रश्न होता हो, पळून जायचा बेत नव्हता!

कळलं नसेल तर स्कूटर आठवा. शिडी न्यायचीय. तुम्ही ती पुढे काढता का? हँडल वळणार कसं? मागे सरकवता, मागे बसलेला धरतो, आणि सिग्नलला मागच्या गाडीवाल्याच्या शिव्या खाता. आर्चरने तेच केलं, शिव्या सोडून.

माझा भाचा बरोबर होता तेव्हा. त्याने गाडीकडे पाहिलं आणि विचारलं, "मामा, ही रुसून पाठ करून बसलीय का?" मी हसलो, आणि मग स्वतःच तोफेच्या तोंडाशी उभा राहून "ही पुढची बाजू" म्हणत फोटो काढून घेतला. घरी आल्यावर लक्षात आलं. तो फोटो मी डिलीट केलाय, शोधू नका.

तोफ मागे असल्यावर लढायचं कसं, तर हे पुण्यात सोसायटीत राहणाऱ्यांना सांगायलाच नको. गाडी लावताना रिव्हर्स का लावता? सकाळी सरळ बाहेर काढता यावी म्हणून. आर्चर झाडीत अशीच मागे मागे घुसायची. तोफ शत्रूकडे, चालकाचं तोंड आपल्या बाजूकडे. दोन-चार गोळे मारले, धूर-धूळ उडाली, शत्रूला जागा कळली, की चालक सरळ पुढच्या गिअरमध्ये निघायचा. दुसऱ्या गाड्यांना त्या वेळी रिव्हर्समध्ये रांगत मागे यावं लागे किंवा वळावं लागे, म्हणजे शत्रूला कूस दाखवावी लागे. आणि हे, पळपुटी म्हणणारे साहेब, जागा बदलून पुन्हा मारणं याला पळणं म्हणत नाहीत.

पण मी काही आर्चरचा वकील नाही. तोटे भरपूर. समोरून अचानक शत्रू आला तर अख्खी गाडी फिरवायची, कारण तोफ दोन्ही बाजूंना जेमतेम 11-11 अंश वळायची. डोक्यावर छत नाही, म्हणजे हॉलंडचा हिवाळा थेट अंगावर, आणि वरून गोळा फुटला तर तुकडेही. गोळा मारला की तोफेचा मागचा भाग धक्क्याने चालकाच्या डोक्यामागच्या जागेत यायचा. मला त्या खुर्चीत बसवू नका!

ऑक्टोबर 1944 पासून ती वायव्य युरोपात लढली, नंतर इटलीतही. आणि ती रणगाडा पथकांकडे नव्हती, तोफखान्याच्या रणगाडाविरोधी रेजिमेंटांकडे होती. हा फरक लोक सारखा विसरतात. तोफखान्याच्या माणसासाठी ती रणगाडा नव्हतीच, पाय फुटलेली तोफ होती. धडक मारायला न्यायचीच नाही. हे डोक्यात ठेवलं तर तोफ मागे असण्याचं नवल वाटत नाही. तोफ शत्रूकडे रोखून लावतात आणि ओढायचं वाहन मागे आपल्या बाजूला थांबतं, तसंच हेही.

बाय द वे, नावं. ब्रिटिश त्यांच्या गाडीवर चढवलेल्या मैदानी तोफांना चर्चमधली नावं द्यायचे, बिशप, सेक्स्टन वगैरे. रणगाडाविरोधी गाड्यांना मात्र 'अ' किंवा 'आ'ची: अकिलीस, आर्चर, अव्हेंजर. कुणीतरी विचारलं होतं, म्हणून सांगितलं.

युद्धानंतर सुमारे 200 आर्चर इजिप्तकडे गेल्या, काही जॉर्डनकडे. 1956 मध्ये इजिप्तच्या सिनाई वाळवंटात अबू अगेला या ठिकाणाच्या आसपास इजिप्शियन सैनिकांनी त्या इस्रायलविरुद्ध वापरल्या. बचावाची ठाणी, आधी ठरवलेल्या जागा, समोर उघडं वाळवंट, म्हणजे आर्चरला हवं तसंच सगळं. एक आर्चर आज इस्रायलच्या लात्रून इथल्या रणगाडा संग्रहालयात उभी आहे.

नगरला जाल तेव्हा आधी चालकाची खिडकी शोधा, मग फोटो काढा. आणि टोपी न्या, सगळं उघड्यावर आहे, माझं डोकं तापलं होतं.