पुढच्यांचा वाटा आणि आपला मेंदू

रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला उतरलं की थोडं पुढे खाजन शेती लागते. बांधाच्या एका अंगाला नदीचं खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भात. आणि बांधात जे लाकडी दार दिसतं ना, ते मानस. भरती आली की पाण्याच्या रेट्याने आपोआप बंद, ओहोटीला उघडतं, मोटर नाही, लाईट नाही, काही नाही. समुद्र वर चढतोय हे गोव्यात आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे, तरी बांधाचं काम निघालं की आपलं ठरलेलं, बघूया पावसानंतर.

आळस म्हणून मोकळं होऊ नका. मानसशास्त्रज्ञ हॅल हर्शफील्ड आणि सहकाऱ्यांनी २००९ च्या अभ्यासात लोकांना एमआरआयमध्ये झोपवलं आणि दहा वर्षांनंतरच्या स्वतःचा विचार करायला लावला, तर मेंदूच्या पुढच्या भागातली हालचाल परक्या माणसाचा विचार करताना असते तशीच निघाली! ज्यांच्यात हे जास्त, ते उद्याच्या जास्त पैशांपेक्षा आजचे थोडे पटकन घेणारे. स्वतःचं म्हातारपणच परकं, मग २०७० मधल्या नातवंडांचं काय घेऊन बसलात.

स्वित्झर्लंडच्या बर्न विद्यापीठातला २०२२ चा प्रयोग त्याहून भारी. सगळ्यांचे मिळून पैसे, पाहिजे तेवढे काढा, पण जास्त उपसले तर फटका नंतर खेळणाऱ्यांना. उजव्या कानाच्या वर, जरा मागे, मेंदूचा एक भाग दुसऱ्याच्या जागी जाऊन विचार करायला मदत करतो, तिथे बाहेरून हलका करंट दिला आणि लोक कमी ओरबाडायला लागले. आता आमदारांना करंट द्या असं कोणी म्हणत नाहीये (मोह होतो, ते सोडा).

करंटशिवायही जमतं की. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, मालिम जेटीवर ट्रॉलर बांधलेले, तिथे रोज मनाशी भांडायचा प्रश्नच नाही, नियमच आहे.

घाबरवणारे पुराचे व्हिडिओ मात्र मला फुकट वाटतात, बघतो, फॉरवर्ड करतो, जेवायला बसतो. त्यापेक्षा शेजारी कामाला येतो. कॅलिफोर्नियात सॅन मार्कोसमध्ये घराघरांत कार्ड लावलं, तुमची वीज एवढी, शेजाऱ्यांची सरासरी एवढी. जास्तवाल्यांचा वापर उतरला, कमीवाल्यांचा उलटा चढला, मग कमीवाल्यांच्या कार्डावर हसरा चेहरा काढला तर चढायचा थांबला. हा २००७ चा अभ्यास. आपल्या लाईट बिलावर एवढी एक ओळ आणि एक स्मायली छापायला कितीसा खर्च येणार?