बोटभर अंतरावरची धमनी

(इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानातून)

मघाशी चहाच्या वेळी तुमच्यापैकी तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. 'सर, मेकॅनिकल सोडून सर्जन झालात, मग ती चार वर्षं वाया गेली का?' त्याचं उत्तर मी एका भोकापासून सुरू करतो.

भोसरीत मी तीन वर्षं मशीन शॉपला होतो. ड्रिल मारण्याआधी कूलंट, म्हणजे थंड ठेवणारं द्रव, सुरू आहे ना, हे बघायची सवय अंगात भिनली होती. पुढे एम.एस. ऑर्थोला, म्हणजे हाडांच्या सर्जरीच्या शिक्षणात, मांडीच्या हाडात पहिल्यांदा ड्रिल घातलं, तेव्हा शेजारी सिस्टर सिरिंजने सलाइन सोडत होत्या. कारण तेच, उष्णता. हाड ४७ अंशांवर मिनिटभर तापलं, तरी तिथल्या पेशी मरू लागतात आणि त्या भोकातला स्क्रू पुढे ढिला पडू शकतो. एवढं मला न सांगता कळलं. चुकलो ते पुढच्या क्षणी. दाब तसाच ठेवला, बिट पलीकडची कड फोडून पुढे गेलं आणि सरांनी माझं मनगट घट्ट धरलं. शॉपवर जॉबच्या, म्हणजे भोक पाडायच्या तुकड्याच्या, खाली टेबल असतं. इथे बोटभर अंतरावर धमनी होती. पेशंटला काही झालं नाही. मी मात्र त्या रात्री ड्युटी संपल्यावर कितीतरी वेळ जिन्यात बसून होतो.

हाडाचं आणि इंजिनिअरचं नातं जुनं आहे. १८६६ च्या सुमारास झुरिकमध्ये शरीररचनेचे प्राध्यापक हेर्मान फॉन मेयर मांडीच्या हाडाचा उभा छेद दाखवत होते. कार्ल कुलमान हे तिथलेच इंजिनिअर. हाडातली जाळी बघून त्यांनी ओळखलं, की वाकड्या क्रेनमध्ये ताणाच्या आणि दाबाच्या रेषा अशाच धावतात. पुढे १८९२ मध्ये युलियुस वोल्फ यांनी मांडलं, की भार बदलला की हाड आपली घडणही बदलतं. लोखंड असं करत नाही. माझं पहिलं शिक्षण मला इथपर्यंत आणतं. इथून पुढे मला नव्यानं विद्यार्थी व्हावं लागलं.

इंजिनिअरला वाटतं, मोडलेल्या हाडावर स्क्रूने बसवायची प्लेट जितकी भक्कम तितकी बरी. पण सगळा भार प्लेटनेच पेलला, तर खालचं हाड विरळ होत जातं. आणि हाड जुळलंच नाही, तर उत्तम प्लेटसुद्धा फटीगने, म्हणजे पुन्हापुन्हा पडणाऱ्या भाराने थकून, तुटते. प्लेट तुटण्याआधी हाडाने जुळायचं, अशी ती शर्यत असते.

आता व्यवहाराचं. बारावीला मी गणितासोबत बायोलॉजी घेतलं होतं, म्हणून वाट मोकळी होती. इंटर्नशिप धरून एमबीबीएसची साडेपाच वर्षं, मग एम.एस.ची तीन. वर्गातली मुलं मला 'दादा' म्हणायची. घर बायकोच्या पगारावर चाललं. हे न सांगता मी तुम्हाला 'धाडस करा' म्हणालो, तर ती फसवणूक होईल. आधी घरच्यांशी बसून हिशेब मांडा.

मागच्या महिन्यात एक आजी चौथ्या महिन्याचा एक्स-रे घेऊन आल्या. फ्रॅक्चरच्या रेषेभोवती ढगासारखं नवं हाड धरलं होतं. त्यांनी प्लेटवर बोट ठेवलं. "हे तुम्ही बसवलंत. मग हे पांढरं कुणी भरलं?"

"ते तुमचंच आहे, आजी."