घरात कोणी आहे का?

श्रोतेहो, नमस्कार.

आजच्या भाषणासाठी मला विषय मिळालाय तो असा: स्त्रीवाद म्हणजे आज नेमकं काय, आणि स्वतःला स्त्रीवादी म्हणवून घेणारं आहे तरी कोण. नुसता विषय ऐकूनच घराघरांतले निम्मे कान मिटले असणार, मला ठाऊक आहे. बायकांचेसुद्धा. 'आम्ही बाई तसल्या नाही' हे वाक्य मी देवगडपासून दापोलीपर्यंत ऐकत आलेय. गंमत म्हणजे ते म्हणणारी बाई बहुतेक वेळा एकहाती घर ओढत असते.

हे खूळ बाहेरून आलं, असंही म्हणतात. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली ती १८८२ साली, मराठीत. आणि आपल्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे? १८९३ साली त्यांनी देवरुखच्या गोदूबाईंशी, म्हणजे एका विधवेशी लग्न केलं, तर मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. पुढे १९५८ मध्ये त्यांनाच भारतरत्न मिळालं. आता अण्णा कर्व्यांचं नाव सगळे सांगतात, गोदूबाईंचं मात्र दहांत एखाद्याला आठवतं. वाळीत तर दोघंही पडली होती! असो, तो वेगळा विषय.

मला आज सांगायचीय ती आमच्या माईकाकीची गोष्ट. ही मी संधी मिळेल तिथे सांगते. आमच्या घरात तर मी सुरुवात केली की मुलं उठून जातात. तुम्ही मात्र बसा.

माईकाकी देवगड तालुक्यातली. काका मुंबईला. म्हणजे आपल्याकडच्या हजारो घरांसारखंच, आधी गिरणी, मग गिरणी बंद झाल्यावर कुठल्याशा गोदामात. गावात हापूसची कलमं. खत काकी घालणार, फवारणीला माणसं काकी आणणार, मोहोरावर तुडतुडा पडला तर औषध कुठलं हे काकी ठरवणार, आणि वानरांच्या मागे धोंडे घेऊन धावणारही तीच. काका येणार गणपतीत, आणि जमलं तर शिमग्याला.

एके वर्षी, जानेवारीचा महिना, थंडी चांगली पडलेली, कलमं मोहोरानं नुसती लदलेली. काकी खळ्यात कुळीथ झोडत बसली होती. डोक्याला पदर घट्ट बांधलेला, भुवयांवर कुळथाचा भुसा. बेड्यापाशी, म्हणजे आवाराच्या फाटकाशी, मोटारसायकल थांबली. घाटावरचा व्यापारी, सोबत एक दलाल. व्यापाऱ्यानं बाग लांबूनच बघितली होती. खळ्यात येऊन काकीला म्हणाला, "घरात कोणी आहे का?"

काकी म्हणाली, "मी आसंय मां."

"तसं नाही. घरात कोणी आहे का?"

काकीनं हातातला दांडा खाली ठेवला. उठली. पडवीत गेली, दारातून आत डोकावली, माजघरात बघितलं, परत आली आणि म्हणाली, "नाय. घरात कोण नाय." आणि बसली परत कुळीथ झोडायला.

"कधी येतील?"

"गणपतीक."

जानेवारीत, बरं का! मोहोर समोर डोलतोय आणि ही सांगतेय गणपतीक.

चार दिवसांनी व्यापारी पुन्हा हजर. "आलं का कोणी?" "नाय." मग त्यानं शहाणपणा केला. वाडीतल्या कुणाकडून तरी काकांचा नंबर मिळवला आणि खळ्यातच उभं राहून, काकीच्या समोर, मुंबईला फोन लावला. मालक, बागेचं काय करताय? काका बिचारे प्रामाणिक. म्हणाले, "कलमं किती धरली, कशी धरली, माका काय ठावक? तिका विचारा." फोन स्पीकरवर होता. दलाल हसला. काकी हसली नाही.

व्यापाऱ्याचा आवाज एकदम मऊ झाला. "काकी, मग काय म्हणता? सौदा करूया ना?"

काकी म्हणाली, "बाग काल इकलंय."

खरंच विकली होती, म्हणजे त्या हंगामाचा आंबा. शेजारच्या गावचा एक व्यापारी आदल्या दिवशी येऊन गेला होता. त्यानं बेड्यातून आत पाऊल टाकताना विचारलं होतं, "काकी, औंदा मोहोर कसो आसा?" बस्स, एवढंच. विसार घेऊन काकी मोकळी. घाटावरचा म्हणाला, मी पाच हजार जास्त देतो. काकी म्हणाली, "तुमी इचारलास, घरात कोण आसा काय. मियां सांगलंय, कोण नाय. मगे पैसे कोणाक देतलास? चाय घेवन जावा."

आणि चहा दिला हो त्याला, आलं घालून.

आंब्याचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. आपल्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तरी कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत घालून राजरोस विकला जातो. पेटीवरचं नाव वाचत बसू नका, आंबा हातात घ्या, देठाशी वास घ्या. हे मी मरेपर्यंत सांगत राहणार.

तर, ही गोष्ट सांगितली की लोक टाळ्या वाजवतात. 'कोकणातली बाई पहिल्यापासून खमकी!' मला ते ऐकून समाधान वाटायचं थांबलंय. कारण गोष्टीचा पुढचा भाग कुणी विचारत नाही. त्या चांगल्या व्यापाऱ्याबरोबर करारपत्र करायची वेळ आली तेव्हा सातबारा बाहेर निघाला. त्यावर काका, काकांचे भाऊ, वारलेले दोन चुलते आणि मुंबईत कुठे राहतात हे देव जाणे असे बाकीचे सहहिस्सेदार. काकीचं नाव कुठेच नाही. तिनं सही केली ती काकांच्या तर्फे.

म्हणजे घाटावरचा व्यापारी उद्धट होता, पण कागदाच्या हिशेबानं खोटं बोलत नव्हता. घरात खरोखरच कोणी नव्हतं!

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी पुन्हा सांगते. राबणं वेगळं, हक्क वेगळा. चाकरमान्यांच्या मागे कोकणातल्या बायकांनी शेतं लावली, गुरं सांभाळली, मनीऑर्डर पुरवून पुरवून वापरली. ते राबणं झालं. त्याचं कौतुक भरपूर होतं, ते फुकटचं असतं. स्त्रीवाद विचारतो तो हक्काचा प्रश्न: कागदावर नाव कुणाचं, पैसे कुणाच्या खात्यात, नाही म्हणायची मुभा कुणाला.

कायदा बराच पुढे गेलाय. हिंदू कुटुंबात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा, महाराष्ट्रात १९९४ पासून, देशभर २००५ पासून. पण प्रत्यक्षात काय होतं? भाऊ एक साडी घेऊन येतो आणि बहीण हक्कसोडपत्रावर सही करते. माहेर तुटू नये म्हणून करते, ती भीती मला कळते. ग्रामपंचायतीत २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या. आणि सभेत बोलतात कोण? सरपंचबाईंचे यजमान. आठ मार्चला पैठणीचे खेळ ठेवतात, तिथे मात्र बाई पुढे! एखाद्या वर्षी त्या पैठणीऐवजी सगळ्यांना सातबारा वाचायला शिकवा की.

मग स्त्रीवादी म्हणवतं कोण? रत्नागिरी-सावंतवाडीच्या कॉलेजातल्या मुली बेधडक म्हणवतात. त्यांच्या आया कचरतात, नवरे सोडणाऱ्या बायकांचा शिक्का बसेल म्हणून. पुरुष म्हणवणारे थोडे, आणि त्यांतले काही भाषणापुरते. मी म्हणवते. माईकाकी म्हणवत नाही, माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती नोकरी, पगार, वाटा सगळं पदरात पाडून घेऊन वर 'ह्या स्त्रीवादी बायका' म्हणून नाक मुरडणाऱ्यांची.

माझ्या भाचीनं, ती मुंबईला शिकते, एकदा काकीला सांगितलं, "आजी, तू फेमिनिस्ट आहेस." काकी तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तेका काय करूचा लागता?" भाची म्हणाली, सातबाऱ्यावर नाव लावून घ्यायचं. काकीनं सूप बाजूला ठेवलं. "तलाठी कधी बसतत?"

सरकारची लक्ष्मी मुक्ती म्हणून जुनी योजना आहे. नवऱ्यानं अर्ज केला की त्याच्या हयातीतच बायकोचं नाव सहधारक म्हणून लागतं. काकांनी गणपतीत अर्जावर सही केली, कुरकुरत का होईना. पण जमीन सामाईक, आधी वाटप व्हायला हवं, त्यासाठी सगळ्यांच्या सह्या. काकीनं वही केली आहे, ज्याची सही झाली त्याच्या नावापुढे बरोबरची खूण. विरारचे एक चुलतदीर फोन उचलत नाहीत. या मे महिन्यात ते आंबे खायला येणार आहेत, तेव्हा काकी त्यांना गाठणार आहे.

नमस्कार.